इतकं कशाला?

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. चहा गार येतो, मागच्या सभेचे इतिवृत्त न वाचता मंजूर होते, आणि कोणीतरी खुर्चीतून अर्धवट उठून विचारतो, "इतकं कशाला?" चहाची आणि इतिवृत्ताची मला सवय झाली आहे. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र आता बोलायलाच हवे.

यंदा निमित्त झाले महिला मंडळाच्या अर्जाचे. पखवाजाची पुडी फाटली होती, ती बदलायची होती. टाळांच्या दहा जोड्या घ्यायच्या होत्या. वेदीपुढे नेहमीच्या प्लॅस्टिकच्या फुलांऐवजी खरी फुले ठेवायची होती. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री जागून, पहाट होईपर्यंत भजन करायची परवानगी हवी होती. एवढेच. पंचांपैकी एक निवृत्त साहेब उठले. माणूस भला आहे, माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढले आहे. ते म्हणाले, "ताई, देवाला काय ऐकू कमी येतं का? रात्रभर कशाला? तासाभरात नीट आटपतं सगळं. आणि हा खर्च! तेवढ्या पैशात गरिबांच्या चाळीस पोरांना वह्या येतील." हॉलभर माना हलल्या. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. अर्ज 'पुढील विचारार्थ' ठेवण्यात आला. ज्यांचे आयुष्य कमिट्यांत गेले आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ मी सांगायला नको.

हे मत एकट्या साहेबांचे असते तर मी कागद काळे केले नसते. शिकल्यासवरलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे ते जवळजवळ अधिकृत मत होऊन बसले आहे. ते असे: देव आत्मा आहे, त्याला फुलांची, सुरांची, मेणबत्त्यांची गरज नाही. खरी भक्ती मनात असते, आणि खुद्द प्रभूनेच खोलीचे दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. उपासना नेटकी असावी, वेळेत सुरू व्हावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेत संपावी. रडणे, हात वर करणे, तासन्‌तास गुडघ्यांवर असणे हे भाबड्यांचे प्रकार, आपल्यासारख्यांचे नव्हेत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, दाराबाहेर गरीब उभा असताना आत उधळपट्टी करणे हे पापच.

किती समंजस वाटते ऐकायला! अडचण एकच आहे. हे मत शुभवर्तमानात एकदा मांडले गेले आहे, जवळजवळ याच शब्दांत, आणि ते मांडणाऱ्यांना तिथल्या तिथे गप्प बसवण्यात आले आहे.

वल्हांडण जवळ आला होता. यरुशलेमजवळच्या बेथानीत जेवणाची पंगत बसली होती. एक बाई आत आली. योहान तिला मरीया म्हणतो, लाजराची बहीण. मत्तय आणि मार्क तिचे नाव सांगत नाहीत. ती आली ती जटामांसीचे अस्सल सुगंधी तेल घेऊन. मार्क म्हणतो, तिने कुपी फोडली. फोडली, म्हणजे थेंबभर लावून पुन्हा बूच बसवायची सोय ठेवली नाही. योहान सांगतो, तिने ते येशूच्या पायांना लावले, आपल्या केसांनी पाय पुसले आणि घर वासाने भरून गेले.

मराठी वाचकाने जटामांसी या शब्दावरून घाईने पुढे जाऊ नये. ही वनस्पती हिमालयात उंचावर उगवते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेली व्यापाराची वही आजही उपलब्ध आहे. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात तिने जटामांसी नोंदवली आहे. म्हणजे त्या संध्याकाळी बेथानीच्या घरात दरवळलेला वास आपल्या बाजूचा होता. डोंगरातली मुळी तिथवर पोचेपर्यंत वाटेत किती जणांनी नफा काढला असेल, याचा हिशेब हवा तर आमच्या पंचांनी करावा. पंगतीतल्या लोकांनी तो केलाच होता. 300 दिनार, योहान सांगतो. मार्क म्हणतो, त्याहूनही जास्त. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा एका दिवसाचा रोज एक दिनार ठरतो. शब्बाथ आणि सणवार वगळले तर 300 दिनार म्हणजे एका मजुराची वर्षभराची कमाई. ती एका जेवणाच्या वेळेत फरशीवर गेली.

वास घरभर पसरायच्या आत तेलाची किंमत ठरली होती, ही गोष्ट मला राहून राहून विलक्षण वाटते. बाई अजून गुडघ्यांवर होती आणि इकडे भाव निघाला, गिऱ्हाईक मिळाले, पैसे वाटूनही झाले. नासाडी कशाला? हे विकून गरिबांना देता आले असते.

योहान हा प्रश्न यहूदा इस्कर्योताच्या तोंडी घालतो, आणि तो चोर होता, थैली त्याच्याकडे असे, हेही सांगून टाकतो. इथे प्रवचनकार थांबतात आणि आपण सगळे हायसे वाटून घेतो. यहूदा बोलला ना, मग आपला काय संबंध? पण मत्तयाकडे वळा. तो म्हणतो, शिष्य चिडले. शिष्य, अनेकवचन. ज्यांनी घरदार सोडले, मासेमारीची जाळी सोडली, ज्यांची नावे आपण आपल्या मुलांना ठेवतो ते लोक. मला हे जास्त घाबरवते. चोराचा आक्षेप बाजूला सारता येतो. भल्या माणसांनी गरिबांच्या नावाने घेतलेला आक्षेप कुठे सारायचा? म्हणून मी आमच्या साहेबांना यहूदा म्हणत नाही. मी त्यांना प्रेषितांच्या पंगतीत बसवते आणि म्हणते की प्रेषितही चुकले होते.

यहूदाबद्दल एकच गोष्ट नोंदवते. 300 दिनारांची नासाडी ज्याला सहन झाली नाही, त्याने थोड्याच दिवसांत गुरूला रुप्याच्या 30 नाण्यांना विकले. भाव काढण्याची सवय एकदा लागली की ती तेलापाशी थांबत नाही.

आता येशूचे उत्तर. गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, मी नेहमी नाही, अशा आशयाचे ते उत्तर घेऊन काही जण गरिबांकडे पाठ फिरवतात आणि काही जण ते ऐकून अवघडतात. दोघांनीही अनुवाद हे पुस्तक उघडावे. तिथे पंधराव्या अध्यायात, देशात गरीब नेहमीच राहणार असे सांगून त्याच दमात आज्ञा दिली आहे की म्हणून हात मोकळा सोड. येशू बोलत होता ते हे. ऐकणाऱ्यांना पुढचा भाग तोंडपाठ होता. आणि त्याच्या आधीचा, चौदावा अध्याय? तिथे दशमांशाचे नियम आहेत. मंदिर फार लांब असेल तर आपला दशमांश विकून पैसे गाठीला बांध, तिथे जा, मनाला येईल ते विकत घे, बैल, मेंढरे, आणखीही काही पेये (त्यांची नावे मी घेत नाही, महिला मंडळाची माजी खजिनदार आहे), आणि घरच्यांसह देवासमोर खाऊन आनंद कर. पुढच्याच ओळींत, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखून ठेवला आहे. एकाच अध्यायात, एकाच थैलीतून, सण आणि गरीब. दोघांत भांडण लावले ते आपण.

माजी खजिनदार म्हटले म्हणून सांगते. बारा वर्षे मी त्या वह्या लिहिल्या. नाताळच्या सजावटीला कोणी किती दिले आणि पुराच्या वेळी, आजारपणाच्या मदतीला, कोणाच्या मुलीच्या फीला कोणी किती दिले, दोन्ही याद्या माझ्याच अक्षरात आहेत. नावे तीच आहेत. भाजीची टोपली घेऊन बसणारी जी बाई वेदीसाठी निशिगंधाच्या काड्या आणते, तिचेच नाव मदतीच्या यादीत पहिले. आणि सजावटीच्या यादीत ज्यांच्या नावापुढे 'हे पैसे गरिबांना द्यावेत असे माझे मत आहे' असा शेरा आहे, त्यांच्या मताची रक्कम दुसऱ्या यादीत सापडत नाही. शोधून पाहिली आहे मी.

एका मंडळीच्या वहीवरून निष्कर्ष काढू नये, असे म्हणणारे म्हणतील. ठीक आहे. मग पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला उतरा.

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की आमचे सुशिक्षित ख्रिस्ती छाती पुढे काढतात. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची बंधने आली तेव्हा केडगावच्या माळरानावर वस्ती उभी केली. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, छापखाना चालू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाऊ लागले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. 'गरिबांच्या वह्या' या विषयावर महाराष्ट्रात कोणाला बोलायचा अधिकार असेल तर तो या बाईला.

एवढे सगळे आपण शाळेच्या पुस्तकासारखे सांगतो आणि 1905 साल गाळतो. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असे विचारले. सत्तर जणी आल्या, मग शेकडो. जूनच्या अखेरीस धरण फुटावे तसे झाले. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, गाऊ आणि नाचू लागल्या. वर्ग थांबले. एका मुलीला आग लागली असे वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी त्या रात्रीची आठवण सांगतात. बाहेर टीका झाली, मिशनऱ्यांतही झाली. हा उन्माद आहे, बायकी उमाळा आहे. आमच्या साहेबांचीच ही भाषा, फक्त इंग्रजीत.

रमाबाई काय अडाणी होत्या? संस्कृतच्या पांडित्यावर कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवलेली बाई, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करणारी बाई. त्यांना उन्माद आणि भक्ती यांतला फरक कळत नव्हता असे म्हणायची कोणाची छाती असेल तर त्याने म्हणावे. त्यांनी ते थांबवले नाही. उलट आपल्या वार्तापत्रातून त्या मुलींची बाजू घेतली. भारतातल्या लोकांनी देवापुढे कसे रडावे हे पाश्चात्त्यांच्या शिस्तीवरून ठरणार नाही, असा त्यांचा रोख होता.

आणि माग बंद पडले नाहीत. छापखाना बंद पडला नाही. रात्रभर प्रार्थना केलेल्या हातांनी सकाळी दळण दळले. 1922 साली रमाबाई गेल्या तोवर ते बायबल हातावेगळे झाले होते आणि त्याची छपाई त्याच वस्तीतल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या बायकांनी केली. आता मला कोणीतरी सांगा, महाराष्ट्रातल्या कोणत्या नेटक्या, तासाभरात आटपणाऱ्या मंडळीने दोन हजार जणींना जेवू घातले? एखादे नाव द्या. मी थांबते.

पुढचा आक्षेप सभ्यतेचा. हा उघडपणे क्वचितच बोलला जातो, पण सगळ्यांत खोल तोच रुतला आहे. "लोक काय म्हणतील? आपण काय रस्त्यावरच्या सभेतले आहोत?"

सभ्यतेची ही खिडकी जुनी आहे. कराराचा कोश यरुशलेमात आणला तेव्हा दावीद राजा तागाचे एफोद घालून सर्व शक्तीनिशी नाचला. शौलाची मुलगी, त्याची राणी मीखल, वरून खिडकीतून पाहत होती. तिला किळस आली. नवरा घरी आल्यावर तिने टोमणा मारला तो दासींच्या देखत उघडे पडल्याबद्दल. म्हणजे प्रश्न देवाचा नव्हताच, दासी काय म्हणतील याचा होता. या गोष्टीतले एक वाक्य प्रवचनांत बहुधा वगळले जाते. नाचून झाल्यावर दावीदाने जमलेल्या एकूण एक माणसाला, पुरुषाला आणि बाईलाही, भाकरी आणि खाऊ वाटला. नाचणाऱ्याने वाटले. खिडकीतून काही खाली आल्याची नोंद नाही.

गप्प राहिल्यानेही सभ्यतेचे समाधान होते असे समजू नका. हन्ना शिलोच्या मंदिरात आवाज न काढता, नुसते ओठ हलवत रडत होती, तरी एली याजकाला ती प्यालेली वाटली. मन ओतणारे माणूस बघायची ज्याला सवय नाही, त्याला ते कसेही ओतले तरी विचित्रच दिसते.

आणि ही सभ्यता तरी आपली आहे का? 1813 साली मुंबईत आणि 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे आपल्यावर उपकार आहेत. शाळा, दवाखाने, छापखाने. मी कोण ते नाकारणार? माझी आजी त्यांच्याच शाळेत अक्षर शिकली. पण ते लोक न्यू इंग्लंडचे. तिकडची थंडी, तिकडची बाके, तिकडचा संकोच त्यांनी सोबत आणला, त्यात त्यांचा दोष नाही. दोष आपला. ते गेले, आणि त्यांचा संकोच आपण पवित्र आत्म्याचे दान समजून जपून ठेवला. विठ्ठलाच्या नावाने अठरा-वीस दिवस पायी चालणाऱ्या मुलखात, जिथे सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड वीणा, तिथे आपण देवाला बासष्टाव्या मिनिटाला निरोप देतो आणि त्याला मराठी ख्रिस्ती संस्कृती म्हणतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सोसले नाही. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगायचा. त्यांनी अभंग आणले, कीर्तन आणले. 'उपासना संगीत' कुठेही उघडा, टिळक भेटतातच. उतारवयात मिशनचा पगार सोडून 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. आज आमच्या मंडळ्यांत टिळकांच्या नावाने स्पर्धा होतात, हार घातले जातात, आणि त्यांचा अभंग चार कडव्यांचा असेल तर पहिले आणि शेवटचे म्हणून खाली बसतात. वेळ वाचतो ना! त्या वाचलेल्या वेळेत सूचना वाचल्या जातात.

त्यांच्याही आधी, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज माणूस, 1579 साली आला. पोर्तुगीज राजवटीने जुनी पुराणे हिरावून घेतलेल्या नवख्रिस्ती लोकांना काहीतरी वाचायला हवे होते. एखादी प्रश्नोत्तरी देऊन भागले असते, आणि तीही त्याने दिली. पण 1616 साली रायतूरला छापून निघाले ते 'क्रिस्तपुराण', जवळजवळ 11,000 ओव्यांचे. अकरा हजार! परक्या भाषेत! सुदैवाने रायतूरच्या कमिटीत आमचे साहेब नव्हते.

(तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून झोपेत पडलेल्या युतुखाचा दाखला लांबलेल्या उपासनेविरुद्ध मला कोणी देऊ नये. तिथे पौलाचे प्रवचन लांबले होते, भजन नव्हे.)

बंद खोलीचा मुद्दा मी थोडक्यात उरकते, कारण त्यात फारसा दम नाही. डोंगरावरच्या प्रवचनात बंद खोली सांगितली आहे ती लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहणाऱ्यांना. तोच प्रभू सणाला मंदिरात जात होता, आणि शेवटच्या रात्री जेवणानंतर शिष्यांसह गीत गाऊन बाहेर पडला. गाढवावरून यरुशलेमात शिरताना लोक ओरडू लागले तेव्हा परूशी म्हणाले, गुरुजी, यांना आवरा. त्याने आवरले नाही. हे गप्प बसले तर दगड ओरडतील असे बजावले. दर झावळ्यांच्या रविवारी आपण हा उतारा वाचतो. हातात झावळी उभी धरून, न हलवता, आवाज न काढता वाचतो. शिवाय एक साधा प्रश्न आहे. बंद खोलीचा दाखला देणाऱ्यांपैकी किती जण त्या खोलीत जातात? माझ्या घरी, माझ्या खोलीत, मी स्वतः रोज जात नाही. म्हणून मला रविवार लागतो, शेजारी बसलेल्या बाईचा आवाज लागतो.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. उधळणीच्या नावाखाली अलीकडे जे चालते त्याने माझेही डोके दुखते. मंचावर धूर, भिंतभर एलईडी पडदा, कर्णे असे की छातीची फासळी हलावी, आणि समोर अंधारात बसलेली मंडळी तिकीट काढल्यासारखी पाहते आहे. दहा हजार द्या, लाख मिळतील असे सांगणारे उपदेशक आहेत. आमोस संदेष्टा सणांचा आणि गीतांचा देवाला वीट आला म्हणून गरजला तो अशांवरच, दाराशी गरिबाला तुडवून आत गाणाऱ्यांवर. पण आमोसाने उपाय काय सांगितला? न्याय पाण्याच्या लोटासारखा वाहू द्या. थेंबाथेंबाने सोडा असे नाही म्हणाला. तो न्यायाच्या बाबतीतही उधळ्याच होता. त्याला मंद गाणे आणि बेताचा न्याय चालला असता, असा समज करून घेऊ नये.

धुराच्या मंचात आणि बेथानीच्या कुपीत फरक कसा ओळखायचा? सोपे आहे. किंमत कोणी मोजली ते पाहा. अरौनाने आपले खळे, बैल, सरपणासकट सगळे दावीदाला फुकट देऊ केले. दावीदाने 50 शेकेल रुपे मोजून ते विकत घेतले. ज्याला आपल्याला काही पडले नाही ते देवाला द्यायला तो तयार नव्हता. विधवेने दानपेटीत दोन दमड्या टाकल्या तेव्हा येशूने टाकलेले मोजले नाही, मागे काय उरले ते मोजले. या मापाने मंचावरचा धूर ही उधळण ठरतच नाही, कारण ती दुसऱ्याच्या पैशाने झालेली असते. आणि या मापाने आपली नेटकी, स्वस्त, वेळेत संपणारी उपासना? तीही त्याच रांगेत बसते. दोन्हीकडे कोणालाच काही पडत नाही.

देवाला गरज नाही हा मुद्दा उरला. नाहीच गरज. मृताला तरी कुठे असते? निकदेम आठवा. शहाणा, जपून वागणारा, सभेत बसणारा मोठा माणूस. येशूकडे तो पहिल्यांदा आला तो रात्री, कोणी पाहू नये म्हणून. आणि शेवटी, क्रुसावरून उतरवलेल्या देहासाठी त्याने गंधरस आणि अगरू आणले, योहानाच्या हिशेबाने सुमारे 100 लित्रा. आजच्या मापात तीस किलोंच्या वर. एका बंद होणाऱ्या कबरेत तीस किलो सुगंध! त्या दिवशी कोणी भाव काढला नाही. त्याला कोणी विचारले नाही, इतकं कशाला.

बेथानीच्या बाईने केलेले कृत्य आपल्या दफनाचीच तयारी आहे असे येशू म्हणाला होता. ती वेळेत आली. तिच्या तेलाचा वास त्याला घेता आला. निकदेमाने तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आणले, आणि ते आणेपर्यंत उशीर झाला होता. आम्ही सगळे निकदेमाचे भाऊबंद आहोत. माणूस गेल्यावर पेटीवर हजारोंची फुले, बँड, मांडव, तीन भाषांत छापलेल्या पत्रिका; तेव्हा पंचांतले कोणी वह्यांचा विषय काढत नाही. लग्नातही काढत नाही. हळदीच्या रात्री पहाटेपर्यंत जागणारे आमचे साहेब (मी त्यांच्या धाकट्याच्या हळदीला होते, ते छान नाचतात) पुनरुत्थानाच्या रात्री साडेआठला दिवा मालवतात. उधळायचे कसे हे त्यांना शिकवावे लागत नाही. कोणासाठी, एवढाच आमचा वाद आहे.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे की 'इतकं कशाला' हा प्रश्न विचारायचा तर आधी आपली कुपी टेबलावर ठेवा. तिच्यात काय आहे, किती आहे, ते दाखवा. मग गरिबाला द्या किंवा प्रभूच्या पायांवर ओता, मी हरकत घेणार नाही. दोन्हीकडे वास सारखाच येतो. पण बूच न काढता दुसरीच्या तेलाचा भाव सांगू नका. तुमचा तासभर तुम्ही ठेवा. आम्हाला आमची रात्र द्या.

सभेला आता चार महिने झाले. ईस्टर येऊन गेला. वेदीपुढे प्लॅस्टिकचीच फुले होती, पखवाज फाटक्या पुडीसह कपाटात आहे. मागच्या रविवारी मी सेक्रेटरींना विचारले, त्या चाळीस पोरांच्या वह्या वाटून झाल्या का? त्यांनी रजिस्टर काढले, चष्मा लावला, दोन पाने उलटली आणि म्हणाले, "वह्यांचा ठराव झालाच नव्हता, ताई."